चाल वाळूची

*वाळवंट बघायला राजस्थानच गाठायला हवं, असं कुणी सांगितलं? लातूर-नांदेडच्या दोन दिवसांच्या फेरीत वाळूचं अख्खं फिजिक्स भेटलं... आणि घरातला एक पेचही!*

जानेवारीत आमचा सगळा ग्रुप जैसलमेरला गेला. मी सोडून! लातूरच्या घरावर वरचा मजला चढतोय आणि त्यात माझं सेव्हिंग गेलंय, त्यामुळे मी पुण्यातच बसून रोज येणारे फोटो लाइक करत होते. समच्या टेकड्या, मावळतीचं ऊन आणि त्या सुंदर, रेखीव, वळणदार रेघा. जळफळाट टोटल.

त्याच आठवड्यात आजीला फोन केला. ही माझ्या आईची आई, बिलोली तालुक्यात मांजरेकाठी मामांकडे असते. म्हटलं, ''आजी, सगळे वाळवंट बघायला गेलेत.''

आजी म्हणाली, ''त्यात काय बघायचं गं? आपल्या मांजरेला होतं की वाळवंट.''

'होतं' हा शब्द तेव्हा कानाआड झाला. 'वाळवंट' मात्र अडकला. तुमच्या-माझ्या डोक्यात वाळवंट म्हणजे उंट आणि सहारा. पण आठवा, पंढरपूरला चंद्रभागेच्या काठी काय आहे? वाळवंटच! आपल्या भाषेत वाळवंट नदीला असतं. भूगोलाच्या पुस्तकातलं नंतर आलं.

मे महिन्यात बाबांचा फोन आला. ''स्लॅब टाकायचाय. रेती बघायला बिलोलीला जायचंय, येतेस का?'' एका पायावर तयार झाले. जैसलमेर नाही तर बिलोली!

लातूर : इथे वाळू नाही

बाबांची अट एकच. रेती बिलोलीची पाहिजे, लाल. (आमच्याकडे वाळूला रेतीच म्हणतात.) मी म्हटलं, हल्ली दगड फोडून केलेली क्रश सँड मिळते, ती का नको? बाबा नुसतंच बघत राहिले.

कारण मला माहीत होतं. त्यांचं गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ते गावातच होते. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद आणि खाली झोपलेली माणसं. सुमारे आठ हजार माणसं त्या पहाटे गेली. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण त्या पहाटेच्या गोष्टी ऐकतच मोठी झाले. 'स्लॅबमध्ये तडजोड नाही' हे बाबांचं वाक्य तिथून येतं.

पण बिलोलीची रेतीच का? मांजरा तर लातूरच्या जवळूनही वाहते! दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली आणि नागझरीचा बंधारा गाठला. पात्रात काळा गाळ, काळे दगड, वेडी बाभूळ. रेती औषधाला नाही.

उत्तर पायाखालच्या खडकात आहे. लातूर बसलंय दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर. या काळ्या दगडात क्वार्ट्झ जवळजवळ नसतं. तो झिजला की त्याची चिकणमाती होते, आपली कापसाची काळी जमीन. रेतीला हवं क्वार्ट्झ, काहीही केलं तरी न विरघळणारं हट्टी खनिज. ते असतं ग्रॅनाइटमध्ये आणि ग्रॅनाइट लागतो नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे. मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगवते, लातूर, बीदर करत तेलंगणात निजामसागरात शिरते आणि पुढे नांदेडच्या हद्दीला लागून वाहते. लातुरात मातकट असलेली हीच बाई तिकडे जाऊन लाल रेती नेसते! गुलाबी फेल्डस्पार आणि लोहाचा गंज, हा त्या रंगामागचा फंडा.

नागझरीला उभं राहिलं की २०१६ आठवतंच. तेव्हा मी लातुरात कॉलेजला होते. धरण कोरडं, नदी कोरडी. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं नकोत म्हणून मार्चमध्ये जमावबंदीचं कलम १४४ लावलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर. स्टेशनवर जत्रा! टीव्हीवाले सांगत होते, 'मराठवाड्याचं वाळवंट होतंय.' हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नांदेड : अडलेली वाळू

लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेड साधारण १४० किलोमीटर. बाबा गाडी चालवत होते, मी सीएची मुलाखत घ्यावी तशी रेतीचे भाव विचारत होते. संध्याकाळी सचखंड गुरुद्वारा, लंगरमध्ये जेवण आणि मग नगीना घाट. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये याच गोदाकाठी देह ठेवला. रात्रीच्या दिव्यांत ती संगमरवरी वास्तू बघितली की दिवसभराचा शीण जातो, खरंच.

घाटावर गोदावरी मात्र संथ. शहराच्या वर विष्णुपुरीचा बंधारा आहे, त्याहून खूप वर पैठणला जायकवाडी. नांदेडकरांची तहान आणि आजूबाजूची शेती विष्णुपुरीवर आहे, त्यामुळे बंधाऱ्याच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. पण नदीचा एक साधा नियम आहे. वाळू उचलून न्यायला वेग लागतो. पाणी अडलं की वेग पडतो, वेग पडला की वाळू तळाशी बसते. पाणी दारातून, कालव्यातून पुढे जातं, पण जाड वाळूचा बराच हिस्सा मागेच राहतो. थोडक्यात, नदीचा वाळूचा पगार कापला जातो. खालच्या पात्रातून रात्री तराफे लावून रेती काढतात, प्रशासन ते तराफे पकडून जाळतं, हे नांदेडच्या पेपरात अधूनमधून येतच असतं. पगार कमी आणि उधळपट्टी चालूच, असा मामला.

बिलोली : वारा सुटला की...

नांदेडहून नरसी, बिलोली करत मामांच्या गावी पोचलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. नंतर बाबा आणि मामा हिशेबाला बसले आणि मी मामेभावाला घेऊन नदीत उतरले. हा पठ्ठ्या सिव्हिल इंजिनीअरिंग करतो आणि मला 'ताई' म्हणत सतत शिकवत असतो.

पात्राच्या मध्यभागी मोठमोठे खड्डे होते, काहींत हिरवं पाणी. पण एका वळणाआड वाळूचा एक पट्टा अजून शाबूत होता. साडेचारच्या सुमाराला पश्चिमेकडून वारा सुटला आणि घोट्यांना सुया टोचायला लागल्या.

''ताई, खाली बस. मान वाकडी करून बघ,'' तो म्हणाला. ''वाळू चालायली बघ.''

बघितलं आणि थक्क झाले. वाळू वाऱ्यावर तरंगत नव्हती, उड्या मारत होती! जमिनीलगत घोट्याएवढ्या उंचीवर कणांचा एक धूसर थर पळत होता आणि त्यावरची हवा स्वच्छ.

हे पहिल्यांदा नीट मांडलं राल्फ बॅगनॉल्ड नावाच्या इंग्रज लष्करी इंजिनीअरने. १९२०-३० च्या दशकांत हा गडी फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात भटकायचा. मायदेशी परतल्यावर त्याने वाऱ्याचा बोगदा बनवून प्रयोग केले आणि १९४१ मध्ये वाहत्या वाळूच्या फिजिक्सवर पुस्तक काढलं. त्याचा गाभा असा : वारा साधारण ताशी वीस किलोमीटरच्या पुढे गेला की कोरडा कण उचलला जातो, वाऱ्याबरोबर पुढे फेकला जातो, खाली आदळतो आणि आदळताना आणखी चार कणांना उडवतो. कॅरमच्या सोंगट्यांसारखं. याला म्हणतात सॉल्टेशन, लॅटिनमध्ये उडी. बारीक धूळ मात्र वर जाऊन दूरदेशी निघून जाते आणि जाड खडे उडत नाहीत, धक्के खात सरपटतात. म्हणजे वारा नुसता वाहत नाही, चाळणही करतो!

मग एक प्रश्न पडतो. वाऱ्याने वाळू सगळीकडे सारखी पसरायला हवी, तिचे ढीग का होतात? बॅगनॉल्डचं उत्तर मला फारच आवडलं. कण कडक खडकावर पडला की टणकन उसळतो आणि पुढे जातो. वाळूवर पडला की त्याची ताकद बाकीच्या कणांना उडवण्यात खर्च होते आणि तो तिथेच बसतो. वाळू वाळूपाशीच थांबते! आपल्या गाववाल्यांसारखं. पुण्यात आलेला लातूरकर लातूरकराच्याच शेजारी खोली घेतो ना, तसं.

आमच्या पट्ट्यावर चार-चार बोटांच्या अंतराने लाटा उठल्या होत्या. मी एका लाटेपुढे खराट्याची काडी रोवली. अर्ध्या तासाने लाट काडी ओलांडून पलीकडे! बॅगनॉल्डला वाटायचं, दोन लाटांमधलं अंतर म्हणजे कणाची एक उडी. आता आपल्याला माहीत आहे की लांब उडीवाले कण नव्हे, तर त्यांच्या आदळण्याने इंचभर सरकणारी वाळू या लाटा घडवते.

पोकलेनचा पट्टा

टेकडी चालते तीसुद्धा अशीच. वाऱ्याकडची तिची पाठ सपाटशी, चढायला सोपी. कण उड्या मारत पाठीवरून माथ्यावर येतात आणि पलीकडे वाऱ्याच्या आडोशाला पडतात. तिथे उतार वाढत वाढत साधारण ३४ अंशांवर गेला की वाळू घसरते. (मुठीतून कोरडी वाळू सोडून बघा, ढीग कितीही मोठा करा, कोन तोच!) पडलेला कण गाडला जातो, टेकडी त्याच्या अंगावरून पुढे जाते आणि केव्हातरी तो मागच्या बाजूने पुन्हा उघडा पडून उडायला मोकळा. पोकलेन मशीनचा पट्टा कसा पुढून जमिनीवर येतो, मागून उचलला जातो आणि मशीन पुढे सरकतं, अगदी तस्संच.

यात लहान टेकडी मोठीपेक्षा भरभर चालते, कारण तिला हलवायला वाळूच कमी लागते. चंद्रकोरीसारख्या बारखाण टेकड्यांची दोन टोकं तर वाऱ्याच्या दिशेनेच पुढे आलेली असतात, कारण कडेला वाळू कमी, म्हणून कडा आधी पळतात.

आणि टेकडी किती छोटी असू शकते? हवेत साधारण दहा मीटरपेक्षा कमी लांबीची टेकडी टिकतच नाही. वाऱ्याला पुरेशी वाळू अंगावर घ्यायला तेवढं अंतर लागतं. उंचवटा त्याहून छोटा असला तर वारा तो खाऊनच टाकतो. म्हणून आमच्या पट्ट्यावर टेकडी नव्हती, फक्त एका बेशरमीच्या झुडपामागे, आडोशाला, वाळूचं हातभर शेपूट होतं.

पण पाण्यात? पाणी हवेपेक्षा शेकडो पटींनी जड, त्यात कणाला वेग पकडायला फार थोडं अंतर पुरतं. पॅरिसच्या संशोधकांनी २००२ च्या सुमाराला पाण्याखाली अवघ्या काही सेंटिमीटरच्या बारखाण टेकड्या बनवून दाखवल्या. हुबेहूब सहारा, पण हाताच्या पंजावर मावेल एवढा! मामेभावाने मला पट्ट्याच्या कडेच्या ओहळाशी नेलं. वीतभर खोल पाणी आणि तळाशी वाळूच्या चिमुकल्या कडा पाठीवरून कण वाहत, पुढे टाकत, प्रवाहाच्या दिशेने चालल्या होत्या. जैसलमेरच्या फोटोंमधली चाल इथेही होती, फक्त छोट्या मापात. मंगळावरच्या एका टेकड्यांच्या रांगेला बॅगनॉल्डचं नाव दिलंय. ज्या हिवाळ्यात आम्ही लातुरात टँकरमागे पळत होतो, त्याच हिवाळ्यात, २०१५-१६ मध्ये, नासाचं क्युरिऑसिटी यान तिथे हीच वाळू निरखत होतं. मंगळ, सहारा आणि आमची मांजरा, सगळीकडे नियम एक.

तो नियम जमाखर्चाचा आहे. टेकडीला मागून वाळू मिळते, पुढच्या टोकांतून ती गळते. येणं-जाणं जुळलं तर टेकडी हजार मैल चालेल. येणं थांबलं तर ती झिजून संपेल. टेकडी म्हणजे वाळूचा साठा नव्हेच, चालू खातं आहे. नदीचं वाळवंटही तसंच.

मामांची विहीर

परत आलो तर अंगणात वेगळाच सूर लागला होता. बाबा म्हणत होते, दहा ब्रास लागेल. मामा गप्प. मग मला म्हणाले, ''विहीर बघून ये.''

विहीर कोरडी होती. नदीपासून फार लांब नाही, तरी कोरडी. मामा शांतपणे सांगत होते. पूर्वी मे महिन्यातही पात्रात हाताने वाळू उकरली की झिरा लागायचा, बायका तिथून प्यायचं पाणी भरायच्या. पावसाळ्याचं पाणी वाळू धरून ठेवायची आणि हळूहळू काठच्या विहिरींना द्यायची. वाळू गेली, नदी खोल गेली, पाणी तिच्यामागे खाली गेलं.

आजी ओट्यावरून म्हणाली, ''आमचं लगीन झालं तवा वऱ्हाड त्याच वाळवंटात उतरलं होतं.''

मी मोबाइलवर हिशेब केला. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २,८०० लिटर मापाची वाळू. कणांमधली मोकळी जागा साधारण ३५ टक्के. म्हणजे एक ब्रास वाळू पूर्ण भिजली की तिच्या पोटात जवळजवळ १,००० लिटर पाणी! सगळंच उपसता येत नाही, पण मावतं. लातूरला आलेल्या पहिल्या रेल्वेतलं पाच लाख लिटर पाणी म्हणजे पाचशे ब्रास वाळूच्या पोटातलं पाणी. एका हायवात पाच ब्रास धरा. फक्त शंभर हायवा. शंभर गाड्या रेती रस्त्याने गेली की पाण्याची एक रेल्वेगाडी मावेल एवढी जागा नदीतून गेली.

टीव्हीवाले म्हणत होते, मराठवाड्याचं वाळवंट होतंय. उलटं आहे हो! मराठवाड्याचं वाळवंट चाललंय. होतं ते तरी राहायला हवं होतं.

मग मला माझीच लाज वाटली. वरच्या मजल्यावरची ती खोली कुणासाठी होती? माझ्यासाठी. पुण्याहून आले की लॅपटॉप घेऊन बसायला. बाबांच्या भीतीला १९९३ चा आधार होता. माझ्या खोलीला कशाचा?

मग काय ठरलं?

सिनेमातल्यासारखं काही झालं नाही. बाबा रात्रभर बोलले नाहीत. सकाळी मामेभावाने त्यांना समजावलं. सहाराची वाळू वाऱ्याने घासून गुळगुळीत होते म्हणून काँक्रीटला चालत नाही. नदीच्या वाळूला कोपरे असतात म्हणून ती चांगली पकडते. पण नीट धुतलेल्या, प्रमाणात चाळलेल्या क्रश सँडलाही कोपरे असतातच. बेसाल्ट तर आपल्या लातुरातच हवा तेवढा. स्लॅबची ताकद वाळूच्या रंगावर नाही, प्रमाणावर, पाण्यावर आणि नंतरच्या क्युरिंगवर आहे. बाबांनी विचारलं, ''लेखी देतोस?'' तो म्हणाला, ''काका, टेस्ट करून देतो.''

सात ब्रास क्रश सँड, लातूरचीच. प्लास्टरसाठी मात्र तीन ब्रास रेती घ्यायचीच, असं बाबा म्हणाले. पावतीची, रीतसर. इथे मी हरले. किंवा पुरेशी भांडले नाही, असं म्हणा. क्रश सँड काढायलाही कुठलातरी डोंगर फुटतोच, हेही मला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात ती रेती घरापुढे पडली. लाल, टपोरी, सुंदर. संध्याकाळी वारा सुटला तेव्हा मी ढिगापाशी गेले. वाऱ्याकडच्या बाजूला बारीक लाटा उठल्या होत्या, पलीकडे वाळू घसरत होती, तोच ३४ अंशांचा कोन. ढीग चालायला लागला होता. बाबांनी चार विटा आडव्या लावल्या, वर ताडपत्री टाकली.

मामांना फोन केला. पाऊस आला का विचारलं. तीन ब्रासचं काही बोलले नाही.

जायचंय? हे लक्षात ठेवा

कसं जाल : पुणे-मुंबईहून लातूर आणि नांदेड, दोन्हीकडे रेल्वे आणि रात्रीच्या बस आहेत. लातूर-नांदेड साधारण १४० किमी, अहमदपूर-लोहा मार्गे. नांदेडहून बिलोलीला नरसी मार्गे जा, पुढे येसगीच्या पुलावरून मांजरा बघता येते. पलीकडे तेलंगणा!

कधी जाल : वाऱ्याच्या लाटा बघायच्या तर एप्रिल-मे, दुपारी चारनंतर. टोपी, गॉगल आणि भरपूर पाणी मस्ट. पावसाळ्यात पात्रात उतरू नका.

काय खाल : लातुरात निलंगा राइस, नांदेडला गुरुद्वाऱ्यातलं लंगर.

काय कराल : वाळूच्या लाटेपुढे एक काडी रोवा आणि अर्धा तास मोबाइल खिशात ठेवा. उथळ ओहळ दिसला तर तळाशी बघा, तिथे चिमुकला सहारा चाललेला असतो.

काय करू नका : खोल खड्ड्यांजवळ पोहू नका, तळ फसवा असतो. आणि वाळू बाटलीत भरून आणू नका. तेवढीच नदीला.